डोळाही आपलाच हवा

३० मार्च २०१६ या दिवशी पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि बेल्जियमचे तत्कालीन पंतप्रधान शार्ल मिशेल यांनी ब्रुसेल्समध्ये कळ दाबली आणि तेथून हजारो किलोमीटर दूर, नैनितालजवळच्या देवस्थळ शिखरावरील ३.६ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण कार्यान्वित झाली. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी आरशाच्या व्यासाची ठळक नोंद घेतली. ते स्वाभाविकही होते. परंतु आरसा हे शेवटी आकाशातून झिरपणारा प्रकाश साठवणारे भांडे आहे. त्या भांड्यात काय पडले, किती पडले आणि त्यातले खरे किती, हे सांगणारा डोळा निराळाच असतो. तो डोळा म्हणजे आरशामागे बसवलेला कॅमेरा. मुंबईत कुलाब्याला असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आणि तंत्रज्ञांनी सिद्ध केलेला 'टिरकॅम-२' हा अवरक्त किरणांचा कॅमेरा पुढे याच दुर्बिणीवर बसवण्यात आला. त्याची बातमी फारशी कोठे झळकली नाही. आजचे हे संपादकीय त्या न झळकलेल्या बातमीविषयी आहे. कारण आपल्या विज्ञानाची आणि आपण ज्या स्वदेशीचा उच्चार वारंवार करतो तिची खरी परीक्षा आरशात होत नाही, ती या कॅमेऱ्यात होते.

अवरक्त किरण म्हणजे तांबड्या रंगापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. १८०० साली विल्यम हर्शेल यांनी सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात तांबड्याच्या पलीकडे तापमापक ठेवला आणि जेथे काहीच दिसत नव्हते तेथे पारा चढलेला पाहिला. तेथून या विद्येचा प्रारंभ झाला. खगोलशास्त्राला या किरणांची एवढी ओढ का? तारे धुळीच्या ढगांत जन्मतात आणि ही धूळ साधा प्रकाश गिळून टाकते. आपल्या आकाशगंगेच्या केंद्राकडून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या सुमारे एक लाख कोटी कणांपैकी जेमतेम एक आपल्यापर्यंत पोहोचतो. तोच प्रवास सुमारे दोन मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त किरणांनी केला, तर दहा-पंधरांतला एक तरी पोहोचतो. याच खिडकीतून वर्षानुवर्षे ताऱ्यांच्या कक्षा मोजून केंद्रस्थानी सूर्याच्या सुमारे ४० लाख पट वस्तुमानाची अदृश्य वस्तू असल्याचे सिद्ध करण्यात आले आणि राइनहार्ड गेन्झेल व अँड्रिया गेझ यांना २०२० सालच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. डिसेंबर २०२१ मध्ये अवकाशात गेलेली जेम्स वेब दुर्बीण मुख्यतः अवरक्तच पाहते, ती याच कारणाने.

परंतु हा प्रकाश टिपणे अतिशय कठीण. कारण जी वस्तू उष्ण आहे ती अवरक्तात स्वतःच प्रकाशते. आपले शरीर सुमारे नऊ-दहा मायक्रॉनवर सर्वांत तेजस्वी असते. दुर्बिणीची नळी, आरसा, घुमटाची भिंत, कॅमेऱ्याचे आवरण, वातावरणातील हवा ही सारी आपापल्या उष्णतेने झळकत असतात. अशा झगमगाटात एका मंद ताऱ्याचा किरण शोधायचा म्हणजे भर मध्यान्ही चांदणी शोधण्यासारखेच आहे. म्हणून या कॅमेऱ्याचे सारे अंतरंग एका निर्वात पात्रात बंद करून विलक्षण थंड ठेवावे लागते. द्रवरूप नायट्रोजनने ७७ केल्विन, म्हणजे शून्याखाली १९६ अंश सेल्सियसपर्यंत उतरता येते. 'टिरकॅम-२'चा संवेदक हेलियमच्या बंद चक्रावर चालणाऱ्या शीतयंत्राने ३५ केल्विनपर्यंत, म्हणजे शून्याखाली २३८ अंशांपर्यंत नेला जातो.

थंड करायचे, एवढे म्हटल्याने काम होत नाही. २५ सेंटिमीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी एवढ्या थंडीत सुमारे एक मिलिमीटरने आखडते. खोलीत बसून अचूक जुळवलेली भिंगे आत गेल्यावर जागा सोडतात. म्हणून प्रत्येक भाग थंडीत कोठे सरकेल याचे गणित आधी करावे लागते. गाळण्यांचे चाक फिरवणाऱ्या यंत्रणेत नेहमीचे वंगण घातले तर ते गोठते, त्यामुळे कोरडे वंगण वापरावे लागते. बोटाचा एक ठसा आत राहिला तरी त्यातील तेलकटपणा निर्वातात वाफ होऊन सुटतो आणि सर्वांत थंड जागेवर, म्हणजे नेमका संवेदकावर, जाऊन बसू शकतो. काम करणाऱ्याच्या मनगटाला भूसंपर्काची पट्टी बांधलेली असते, कारण अंगावरील स्थिर विजेची एक ठिणगी संवेदक कायमचा निकामी करू शकते. थंड करतानाही घाई चालत नाही, मिनिटाला एखाद्या अंशाच्या बेताने खाली उतरावे लागते.

आणि मग येते ती परीक्षा. कॅमेरा तयार झाला म्हणजे तो आकाशाकडे वळवता येतो असे नाही. प्रथम त्याला पूर्ण काळोखात ठेवून विचारायचे, 'काहीच नसताना तू काय दाखवतोस?' संवेदक त्या काळोखातही थोडा विद्युत्प्रवाह दाखवतो. तो मोजून ठेवायचा. एकाच दृश्याचे वाचन पुनःपुन्हा करून त्यातील चढउतार, म्हणजे यंत्राची स्वतःची कुरकुर, नोंदवायची. प्रकाश दुप्पट केला तर उत्तर दुप्पट येते का आणि कोठपर्यंत येते, हे पाहायचे. लक्षावधी चित्रबिंदूंपैकी मेलेले किती, खोटे बोलणारे किती, याचा नकाशा करायचा. एकसारख्या उजळ पडद्याकडे पाहून प्रत्येक बिंदूची कमी-अधिक संवेदनशीलता ठरवायची. त्यानंतर दुर्बिणीवर चढल्यावरही दुर्बीण किंचित हलवत एकाच भागाची अनेक चित्रे घ्यायची आणि आकाशाचा स्वतःचा उजेड त्यांतून वजा करायचा. शेवटी ज्यांचे तेज आधीच नेमके ठाऊक आहे अशा ताऱ्यांशी ताडून पाहायचे. एवढे केल्यावरच 'हा ताऱ्याचा प्रकाश' असे म्हणण्याचा अधिकार प्राप्त होतो. ज्या कॅमेऱ्याला स्वतःची उष्णता किती हे ठाऊक नाही, तो स्वतःच्याच उष्णतेला तारा समजतो.

या तपश्चर्येत आपला देश मागे बसलेला नाही, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. टाटा संस्थेने हैदराबादच्या आपल्या फुगा-केंद्रावरून १०० सेंटिमीटरची दुर्बीण वातावरणाच्या वरच्या थरांत पाठवून दूर-अवरक्त निरीक्षणे केली. जमिनीवरून जे किरण दिसूच शकत नाहीत ते त्यांतून टिपले गेले. विक्रम साराभाई यांनी स्थापन केलेल्या अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने अबूच्या गुरुशिखरावर १.२ मीटरची दुर्बीण उभारली. फेब्रुवारी २००६ मध्ये भुजंगधारी तारकासमूहातील आर. एस. या पुनरावर्ती नवताऱ्याचा स्फोट झाला, तेव्हा तेथील शास्त्रज्ञांनी २५६ गुणिले २५६ बिंदूंच्या साध्या अवरक्त संवेदकाने रोजच्या रोज वर्णरेषांची रुंदी मोजली आणि स्फोटाची धक्कालहर आसपासच्या वायूत शिरून कशी मंदावत जाते हे जगाला दाखवून दिले. बिंदू थोडे होते, परंतु यंत्र पारखलेले होते आणि माणसे सावध होती.

'टिरकॅम-२' देवस्थळला एकदम गेला नाही. पुण्याच्या आयुका संस्थेची गिरवली येथील २ मीटरची दुर्बीण त्याने आधी अनुभवली आणि सह्याद्रीच्या आकाशाखाली निरीक्षणे करून मगच तो हिमालयात गेला. ५१२ गुणिले ५१२ बिंदूंचा हा कॅमेरा सुमारे ३.६ मायक्रॉनपर्यंत पाहतो. लडाखमध्ये हानले येथे ४,५०० मीटर उंचीवर भारतीय खगोलभौतिकी संस्थेची २ मीटरची चंद्र दुर्बीण आहे. कोरड्या हवेमुळे तेथे बाष्पाचा पडदा विरळ असतो, आणि बाष्प हा तर अवरक्त किरणांचा मोठा शत्रू. बंगळुरूजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवल्या जाणाऱ्या या दुर्बिणीवर २०१३ मध्ये टाटा संस्थेचे 'टिरस्पेक' हे उपकरण बसले. २०१९ मध्ये देवस्थळला 'टॅनस्पेक' हा वर्णपटमापक आला. ही दोन्ही उपकरणे हवाई बेटांवरील तज्ज्ञांच्या सहकार्याने तयार झाली. या सर्वांमागे ज्यांनी तारुण्याची वर्षे वेचली, त्या शास्त्रज्ञांचे आणि त्यांच्या बरोबरीने राबलेल्या कार्यशाळेतील तंत्रज्ञांचे ऋण राष्ट्राने मानले पाहिजे.

आता अभिमानाच्या पुढचा, थोडा बोचणारा प्रश्न. या कॅमेऱ्यांचा सांगाडा, त्यांची शीतव्यवस्था, नियंत्रण आणि परीक्षा यांत आपण हात बसवला. परंतु त्यांच्या गाभ्यातील संवेदक, म्हणजे प्रत्यक्ष डोळ्याची बाहुली, परदेशातून आली. इंडियम अँटिमोनाइड किंवा मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइड या अर्धवाहकांपासून ती घडते, आणि खगोलशास्त्राच्या दर्जाचे मोठे संवेदक बनवणारे कारखाने जगात बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्या बाहुलीची रचना समजली की अडचण ध्यानात येते. किरण झेलणारा थर निराळा आणि विद्युत्संकेत वाचणारा सिलिकॉनचा थर निराळा. दोन्ही थर इंडियम धातूच्या सूक्ष्म गोळ्यांनी, प्रत्येक बिंदूला एक याप्रमाणे, जोडायचे. १०२४ गुणिले १०२४ बिंदू म्हणजे असे १० लाख ४८ हजार ५७६ सांधे. दोन्ही थर थंडीत निरनिराळ्या प्रमाणात आखडतात, तरी एकही सांधा निखळता कामा नये. हे काम एका बुद्धिमंताचे नव्हे. ते अनेक पिढ्यांच्या कारखानदारीच्या संस्काराचे आहे.

शिवाय हे संवेदक म्हणजे केवळ ताऱ्यांचे खेळणे नाही. रात्रीच्या अंधारात शत्रूचा रणगाडा दाखवणारा आणि क्षेपणास्त्राला लक्ष्य दाखवणारा डोळा याच कुळातला. किंबहुना पाश्चात्त्य खगोलविदांनाही हे संवेदक मिळाले ते लष्करी संशोधनाच्या मागच्या दाराने. म्हणूनच त्यांच्या निर्यातीवर परवान्यांचे पहारे आहेत. १९९३ मध्ये अमेरिकेच्या दबावाखाली रशियाने क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान देण्यास नकार दिला आणि १९९८ मध्ये पोखरणच्या स्फोटांनंतर आपल्यावर निर्बंध लादले गेले, हे आपण विसरलेलो नाही. २०१७ च्या डिसेंबरात भारत वासेनार व्यवस्थेचा सदस्य झाला आणि दारे थोडी अधिक उघडली, हे खरे. परंतु जे दार दुसऱ्याच्या हाताने उघडते ते दुसऱ्याच्या हाताने बंदही होऊ शकते, हा व्यवहार कोणत्याही सदस्यत्वाने बदलत नाही.

येथे आपल्याच इतिहासातील एका पानाकडे लक्ष वेधावेसे वाटते. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात, तुटपुंज्या जागेत आणि पत्र्याचे काम करणाऱ्या एका साध्या कारागिराच्या साह्याने, आपली उपकरणे घडवली. गॅलिना या खनिजाचा स्फटिक वापरून त्यांनी जो संवेदक बनवला, त्याचे अमेरिकी एकस्व १९०४ साली त्यांना मिळाले. अर्धवाहक उपकरणाचे ते पहिले एकस्व मानले जाते. बोसांचा हा स्फटिक अदृश्य विद्युत्लहरींना जसा प्रतिसाद देई तसाच प्रकाशालाही देई. गॅलिना म्हणजे लेड सल्फाइड. आणि पुढे १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातील नॉइगेबाउअर आणि लेटन यांनी आकाशाची पहिली मोठी अवरक्त पाहणी केली, ती याच लेड सल्फाइडच्या संवेदकांनी! त्यांनीही काही कोट्यवधींची दुर्बीण विकत आणली नाही. पात्र फिरते ठेवून त्यात इपॉक्सीचा द्रव घट्ट होऊ दिला आणि ६२ इंचांचा ओबडधोबड आरसा स्वतःच घडवला. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या यादीत साडेपाच हजारांहून अधिक अवरक्त तारे होते.

एकच खनिज, एकच बुद्धी, एकच काटकसर. मग धागा कोठे तुटला? आमच्या मते तो प्रयोगशाळा आणि कारखाना यांच्यामध्ये तुटला. बोसांपाशी प्रतिभा होती, कारागीर होता. परंतु त्या प्रतिभेला झेलणारा उद्योग पारतंत्र्यातील भारतात नव्हता. स्वातंत्र्यानंतरही आपण शास्त्रज्ञाला मान दिला, पण यंत्र घडवणाऱ्याला दिला नाही. घरात मुलगा-मुलगी भौतिकशास्त्र घेतो म्हटले तर आईवडिलांच्या कपाळावर आठी चढते. कार्यशाळेत लेथवर काम शिकतो म्हटले तर ती आठी कायमची कोरली जाते. सगळ्यांना संगणकासमोरची खुर्ची हवी, हात काळे करायला कोणी नको. ही सरकारची चूक नव्हे, आपल्या मध्यमवर्गीय घरांतील सांस्कृतिक दोष आहे, आणि तो आपणच दूर केला पाहिजे.

या संदर्भात आपल्या परिवारातील मंडळींशी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. प्राचीन भारतीय ज्योतिर्विज्ञानाचा गौरव आपण करतो, तो करायलाच हवा. परंतु 'हे सारे आमच्या ग्रंथांत होतेच' असे म्हणून जो थांबतो, तो त्या पूर्वजांचा वारस म्हणवून घेण्यास पात्र राहत नाही. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या सिद्धान्तशिरोमणीत यंत्राध्याय आहे. त्यात आचार्यांनी धीयंत्राला, म्हणजे बुद्धीला, सर्वश्रेष्ठ यंत्र ठरवले. पण त्याच अध्यायात इतर नऊ यंत्रांचीही गणना आहे, आणि फलकयंत्राची रचना तर आचार्यांनी स्वतः केलेली. बुद्धी श्रेष्ठ म्हणून यंत्र नको, असा अर्थ त्यांनी कधी काढला नाही. काळोखात ठेवून पारखलेला कॅमेरा जसा स्वतःची उष्णता वजा करूनच बोलतो, तसाच खरा स्वाभिमान दाव्यातून पुराव्याने न टिकणारा भाग वजा करून उरलेले निर्भयपणे मांडतो. बोसांचा स्फटिक आणि आचार्यांचे फलकयंत्र अशा पारखीत लखलखीत उतरतात. मग अतिशयोक्तीची गरजच काय?

दुसरीकडे असा आक्षेप येतो की, गरीब देशाने तारे पाहण्यावर पैसा का खर्च करावा? याचे उत्तर घरोघरी दूरचित्रवाणीवर मिळते. चक्रीवादळाच्या रात्री ढगांची जी चित्रे आपण पाहतो ती अवरक्तातीलच असतात. २०१३ मध्ये सोडलेल्या इन्सॅट-३डी उपग्रहावरील उपकरणे याच किरणांनी रात्रीचे ढग आणि वातावरणाचे तापमान टिपण्यासाठी घडवली होती. वणवा, पिकांवरील ताण, सीमेवरील हालचाल ही सारी याच डोळ्याला दिसतात. ताऱ्यासाठी लागणारा संवेदक सर्वांत कठोर परीक्षेचा. तो ज्याला साधला त्याला बाकीचे अवघड नाहीत.

तेव्हा करायचे काय? पहिली गोष्ट, शासनाने या कामाकडे पंधरा-वीस वर्षांच्या व्रतासारखे पाहावे. २०२१ च्या डिसेंबरात केंद्राने ७६ हजार कोटी रुपयांची अर्धवाहक योजना मंजूर केली, हे अभिनंदनीय आहे. परंतु बाजाराच्या गरजेच्या चिप्स आणि वर्षाला मोजकेच लागणारे अवरक्त संवेदक यांचे अर्थशास्त्र निराळे. येथे नफ्याचे आमिष नाही, म्हणून राष्ट्राचा संकल्प हवा. दिल्लीच्या सॉलिड स्टेट फिजिक्स लॅबोरेटरीसारख्या संरक्षण संस्थेत मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइडवर काम झालेले आहे. संरक्षण, अवकाश आणि खगोलशास्त्र या तिन्ही क्षेत्रांच्या प्रयोगशाळा एकमेकींपासून अलिप्त न राहता एका टेबलाभोवती बसल्या पाहिजेत. क्रायोजेनिक इंजिन नाकारले गेले तेव्हा आपण रडत बसलो नाही. ५ जानेवारी २०१४ रोजी स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनासह जीएसएलव्ही यशस्वीपणे झेपावले. मध्ये वीस वर्षे आणि अपयशाचे कडू घोट होते. महासंगणक मिळण्यात अडथळे आले तेव्हा पुण्यात डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम' उभा राहिला. नकाराला उत्तर निषेधाने नव्हे तर निर्मितीने द्यायचे असते, हे आपण दोनदा सिद्ध केले आहे.

दुसरी गोष्ट उद्योगांची. पिंपरी-चिंचवड, नाशिक, छत्रपती संभाजीनगर येथील कारखान्यांत मायक्रॉनच्या अचूकतेने धातू कातणारे हात आहेत. निर्वात पात्रे, शीतयंत्रे, कोरड्या वंगणाची चाके, सूक्ष्म भिंगांचे साचे या सर्व वस्तू त्यांना अशक्य नाहीत. वर्षाकाठी एखादी प्रतिष्ठेची मागणी नफा देणार नाही, पण ती कारखान्याचा दर्जा एका पायरीने उंचावेल.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपल्या हातातील आहे. विज्ञान भारतीसारख्या संघटनांचे कार्यकर्ते, शाळांतील विज्ञानशिक्षक आणि सुजाण पालक यांनी मुलांना व्याख्यानाइतकीच कार्यशाळाही दाखवावी. स्वतः घासलेल्या आरशाची दुर्बीण बनवणारा एक विद्यार्थी शंभर घोषणांहून मोलाचा. त्याने घेतलेल्या मोजमापात चूक किती असू शकते हे त्याला विचारावे, आणि त्याने ती प्रामाणिकपणे सांगितली तर त्याची पाठ थोपटावी. परीक्षेला न भिणारी, स्वतःच्या यंत्राचा दोष स्वतः शोधणारी पिढी घडवणे हेही राष्ट्रकार्यच आहे.

लडाखच्या पठारावर १० मीटरहून मोठ्या आरशाची प्रकाशीय आणि अवरक्त दुर्बीण उभारावी, असा प्रस्ताव भारतीय खगोलविदांनी मांडलेला आहे. ती जेव्हा उभी राहील तेव्हा आकाशाकडे पाहणारा आरसा किती मोठा, हे जग विचारील. आपण मात्र विचारावे की, तिच्या मागच्या थंड, काळोख्या पात्रातील बाहुली कोणी घडवली आणि कोणी पारखली. आज शाळेत असलेल्या मुलांपैकीच कोणीतरी त्याचे उत्तर देणार आहे. ते उत्तर 'आम्ही' असे असावे, याची तयारी आजपासून आपल्या घरांतून झाली पाहिजे.